देवनहळ्ळीचा ओस रेशीम कारखाना आणि दारातल्या चपला

पडक्या, ओस इमारती बघायला जावं का, असं हल्ली बरेच जण विचारतात. जरूर जा. पण आधी आमचं काय झालं ते वाचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या नवऱ्याला, हेमंतला, बंगळूरला नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून चामराजपेटेत भाड्याने राहायला आलो. हेमंतने एक जुना कॅमेरा घेतला होता आणि त्याला पडक्या भिंतींचं वेड लागलं होतं. त्या वर्षीच्या आमच्या अल्बममध्ये माझ्यापेक्षा गंजलेल्या खिडक्याच जास्त आहेत. घरमालकीण सरोजाक्का मराठीच, पण तिच्या घराण्याला इकडे येऊन शतकं झालेली. तिनेच सुचवलं, "देवनहळ्ळीला माझ्या बहिणीच्या गावाजवळ रेशमाचा कारखाना हाय, बंद पडलेला. कोणी नसतं तिथं. मी पण येते, बहीण भेटंल की."

मी सह्याद्रीत भटकून तयार झालेली, त्यामुळे तयारी माझ्याकडे. बॅटरी, दोरी, मलमपट्टी, दोघांना जाड तळव्याचे बूट. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावरून सकाळची बस धरली. तेव्हा तिकडे विमानतळ नव्हता. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे आणि मधूनच तुतीची शेतं. वाटेत थांबून तट्टे इडली खाल्ली, ताटलीएवढी आणि अगदी स्वस्त. बसमध्ये मी हेमंतला नियम ऐकवत होते. भिंतीच्या कडेने चालायचं, लाकडावर भार टाकायचा नाही, आणि काही झालं तरी बूट काढायचे नाहीत. तो खिडकीबाहेर बघत "हो, हो" म्हणत होता. सरोजाक्काच्या बहिणीने जेवू घालूनच सोडलं. ताटात चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात होता आणि तिथली गोड पपनसं, ज्यांना ते चकोता म्हणतात. कुठे जातोय ते तिला सांगून आम्ही भर दुपारी कारखान्याकडे चालत निघालो.

कारखाना लांबलचक, कौलारू. दाराशेजारच्या कोनाड्यात देवीची तसबीर, पुढे हळदकुंकू आणि एक टवटवीत जास्वंद. सरोजाक्काने चपला काढल्या. मी तशीच पुढे निघाले तर म्हणाली, "देवीसमोरनं बूट घालून जातेस काय गं? स्वल्प भान ठेव." हेमंतने निमूटपणे बूट काढले. आम्ही काही फार देवभोळे नाही, पण त्या सुरात आमच्या दोघांच्याही आया बोलल्या. सकाळभर बुटांवर भाषण देणाऱ्या मी गाठी सोडल्या आणि बूट दारात ठेवले. बंद कारखान्यात ताजं फूल कुठून आलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

आत कोश उकळायच्या कुंड्या रांगेने कोरड्या पडलेल्या. भिंतीला चंद्रिका टेकवलेल्या. रेशमाचे किडे ज्यांवर कोश विणतात त्या बांबूच्या गोल चटया. खाली सगळीकडे फुटकी कौलं. पाय जपून टाकता टाकता माझं लक्ष जमिनीवर होतं, तेवढ्यात हेमंत लाकडी माळ्यावर चढलासुद्धा.

"एकच फोटो," तो वरून म्हणाला, आणि फळी मोडली.

त्याचा एक पाय मांडीपर्यंत खाली लोंबत होता. मी जिन्याने वर गेले, पोटावर झोपून त्याच्यापर्यंत सरकले. पाय ओढला की फळीची धसकटं मांडीत रुतत. तो ओरडत नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली. आणि मग मला दिसलं की आजूबाजूच्या फळ्यांचे खिळे काढलेले आहेत. माळ्याच्या मुख्य तुळईला नवाकोरा दोरखंड बांधलाय आणि तो खिडकीतून बाहेर गेलाय.

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला.

मी ओरडले, हेमंत ओरडला, इंजिनपुढे काहीच ऐकू जाईना. खाली सरोजाक्का दाराकडे निघाली, पण फुटक्या कौलांवरून अनवाणी किती वेगाने जाणार? दोरखंड फळ्यांवर सैल पडला होता, तो हळूहळू उचलला गेला. हेमंत म्हणाला, "तू उतर." मी त्याचा शर्ट आणखी घट्ट धरला. त्याच्याशिवाय मला खाली जायचंच नव्हतं.

ट्रॅक्टर बंद झाला. मग दारातून आवाज आला, "यार्री ओळगे?" आत कोण आहे?

कारखान्याचं लाकूड विकत घेतलेला मेस्त्री होता तो. सकाळी खिळे उपटून, दोर बांधून माणसं जेवायला गेली होती. त्याच्या दोघा माणसांनी वर येऊन करवतीने फळी कापली आणि हेमंतला उतरवलं. ट्रॅक्टरच्या चाकाखालचं लिंबू दाखवत मेस्त्री कन्नडमध्ये भराभर बोलला. सरोजाक्काने तळव्यातली कौलाची कपची काढत आम्हाला सांगितलं, "म्हणतो, दोर ताणला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पाडायच्या आधी दारातल्या अम्माला हात जोडायची रीत हाय यांची. म्हणून दाराशी आला, तर तीन जोड दिसले."

देवनहळ्ळीत डॉक्टरांनी हेमंतच्या मांडीला टाके घातले, तिघांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि भरपूर बोलून घेतलं. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

तर नियम सांगते. ताजं फूल, ताजा दोर, ताज्या चाकोऱ्या दिसल्या तर ती जागा ओस नाही. आधी माणूस शोधा, विचारा. लाकडी माळ्यावर चढू नका. आणि पायातले बूट कोणी काहीही म्हणालं तरी काढू नका, देवीला बाहेरूनच नमस्कार करा.

पण तेव्हापासून माझ्या पिशवीत जुन्या चपलांचे दोन जोड असतात. पूर्वी हेमंत माझ्या सामानाची थट्टा करायचा. आता आत शिरण्याआधी तोच त्या चपला पिशवीतून काढतो आणि येणाऱ्याला लांबूनच दिसतील अशा दारात नीट मांडून ठेवतो.