चाकांवरच्या खोलीचा खर्च

कुठलीही वस्तू हातात दिली की आमच्या गावातले काका ती उलटीसुलटी करून बघायचे आणि मग दोन बोटं वर करायचे. म्हणजे अजून एक दे. थळच्या रस्त्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे दोन-दोन नग मागणारी गिऱ्हाइकं मला नवी नाहीत. पण लोक नळाचे वॉशर दोन मागतात, काका पाण्याचे पंप दोन मागायचे.

"एक चालू, एक स्टँडबाय," ते म्हणायचे. "पंप बंद पडताना कुनाला इचारीत न्हाय."

चौतीस वर्षं त्यांनी खताच्या कारखान्यात पंप सांभाळले होते. तिथं प्रत्येक पंपाशेजारी दुसरा उभा असतो. पहिला थांबला की दुसरा सुरू, काम थांबता कामा नये. असे लोक तुमच्याही ओळखीत असतील, जे नोकरी सोडतात पण नोकरी त्यांना सोडत नाही. काकांच्या घरी शेगड्या दोन, चष्मे दोन, छत्र्या दोन. मुलीच्या लग्नाला त्यांनी बौद्धाचार्यही दोन सांगून ठेवले होते, एक आला नाही तर म्हणून. दोघंही वेळेवर आले आणि दोघांनी मिळून लग्न लावलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ट्रेलर बांधायला काढला. जुन्या जीपमागे जोडायची दोन चाकांची लहानशी खोली. आत झोपायला फळी, शेगडी, पाण्याची टाकी, छपरावर सोलर. वाटेल तिथं उभी करावी, विजेसाठी नि पाण्यासाठी कुणाचं दार वाजवायला नको. गाव हसलं. मीही हसलो.

"काका, एवढ्या पैशात लॉजवर दोन वर्षं राहाल!"

"आन लॉजवाल्याच्या फ्रिजचा भरवसा कोन देनार?"

फ्रिज हवा होता तो बाईंच्या औषधासाठी. बाई म्हणजे काकांच्या पत्नी, आणि चौथीतल्या माझ्या वर्गशिक्षिका. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून त्या आम्हाला अजिंठा दाखवायच्या, लोणार दाखवायच्या. स्वतः मात्र यातलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. आधी सासूसासऱ्यांची आजारपणं, मग मुलं, वर शाळा. आता सवड झाली तर काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्यांत घालायचे थेंब थंड ठेवावे लागत. त्यासाठी फ्रिज, फ्रिजसाठी बॅटरी, बॅटरीसाठी सोलर. नजर शाबूत आहे तोवर बाईंना नकाशावरची ठिकाणं दाखवायची, एवढाच काकांचा बेत होता.

सगळं मिळून अडीच लाख, असं त्यांनी ठरवलं होतं. चासी आणि पत्र्याची खोली दीड लाखात झाली, तिथवर ठीक होतं. मग वीस हजारांचा छोटा फ्रिज आला आणि त्याच्यामागून दुसरा फ्रिज. तीस हजारांची बॅटरी, मग दुसरी बॅटरी. बॅटऱ्या दोन म्हटल्यावर सोलरची पॅनेलं चार. टाक्या दोन, पंप दोन, शेगड्या दोन. हे सगळं मीच मागवून दिलं, आणि आकडा साडेचार लाखांवर गेला.

"काका, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला हा."

"मसाला कमी पडला तर कोंबडीचं काय करू?" काका म्हणाले, आणि वायरची दोन भेंडोळी घेऊन गेले.

असे दोन हिवाळे गेले. निघायचं ठरलं की कशाला तरी जोडीदार नसल्याचं काकांच्या ध्यानात यायचं. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण गिऱ्हाईक आपणहून दोन मागतंय आणि आपण एकच देतोय, असा दुकानदार अजून जन्माला यायचाय. आज या गोष्टीची मला लाज वाटते.

शेवटी एका रविवारी ट्रायल निघाली. काकांनी मला शेजारी बसवलं. आमच्या जवळच्या कार्ले खिंडीचा चढ म्हणजे काही मोठा घाट नव्हे, पण निम्म्यावर जीपनं मान टाकली. मागे मुंबईला परतणाऱ्या गाड्यांची ही रांग. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काका, आतमदी कारखाना भरलाय काय?"

"जरा जड झालाय," काका म्हणाले. एवढं खाली मान घालून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टर आणून आम्ही ट्रेलर घरी परत आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई दुकानात आल्या, मागे काका. बाईंनी हातानं चाचपून काउंटरची कड धरली.

"काय काय विकलंस रे ह्यांना? सांग बघू."

मी पाढे म्हणावेत तसं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि काकांकडे वळल्या.

"अहो, माझा डावा डोळा गेला. आता हा उजवा, तुमचा तो स्टँडबायच चालू आहे. तोही बंद पडला की निघायचं का?"

काका हळूच म्हणाले, "आन औषध खराब झालं तर?"

"एक बाटली पेणला मिळेल, एक पुण्याला मिळेल. जगात दुकानं आहेत. हा एकटाच दुकानदार नाही."

त्याच दुपारी काकांनी पान्हा घेतला आणि प्रत्येक जोडीतलं एकेक काढून ठेवलं. दुसऱ्या फ्रिजपाशी त्यांचा हात बराच वेळ थांबला होता. मी सगळं सामान परत घेतलं, तेही नव्याच्या भावात. तिसऱ्या दिवशी दोघं निघाले. खिंड चढली की नाही, ते विचारायचा मला धीर झाला नाही. संध्याकाळी काकांचाच फोन आला तेव्हा ते लोणावळ्याच्या पुढे होते.

"फ्रिज चालू हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला. सव्वा महिना रोज हाच फोन. कुठं आहेत, काय पाहिलं, एक अक्षर नाही. पण त्या फोनची मी वाट बघायचो.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. झोपेतच गेले.

परवा बाईंना भेटायला गेलो होतो. आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. चहा झाल्यावर मी सहज विचारलं, "बाई, काकांना जास्त काय आवडलं? अजिंठा की लोणार?"

बाई हसल्या. "त्यांनी कुठं काय पाहिलं? मी चित्रं बघायची आणि हे माझ्या तोंडाकडे बघत उभे. 'दिसतंय ना? हे दिसतंय ना?' सारखं तेच. मला दिसत होतं रे, सगळं दिसत होतं."

मग पदरानं डोळे टिपून त्या म्हणाल्या, "घरी आल्यावर म्हणाले, आता तूच सांग काय काय होतं तिथं. रोज थोडं थोडं सांगत होते मी. अजिंठा पुरता झाला होता. लोणार सांगायचं राहिलं."