आईच्या हातून हत्यारं घेणारा किरण

काल दुपारी किरणला स्मशानात पोचवून आलो, आणि संध्याकाळी सवयीने त्यालाच फोन लावला.

माझ्या दूध केंद्रावरचं नेट बंद पडलं होतं.

पलीकडे रिंग वाजायला लागली तेव्हा कळलं मी काय करतोय. घाबरून कट केला.

पारनेर भागात किरण कोण हे सांगायला नको. बाहेरगावच्या मित्रांसाठी लिहितो. कॉम्प्युटर, कॅमेरे, प्रिंटर, नेट, जे जे वायरीने जोडलं जातं ते सगळं बघणारा पोरगा. अजून चाळिशीसुद्धा नव्हती. परवा हार्ट अटॅक आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

मी स्वभावाने घाबरट. केंद्रावरच्या मशीनचा दिवा जरा वेगळा दिसला तरी लगेच किरणला फोन लावायचो.

"आप्पा, आता काय झालं?"

"दिवा लुकलुकतोय रे."

"लुकलुकू द्या. जिता हाय म्हनून लुकलुकतोय. विझला की फोन करा."

चिडला कधीच नाही. चिडवायचा मात्र भरपूर.

त्याची काळी बॅग मला फार आवडायची. आत केबलींची वेटोळी, सायकलच्या ट्यूबच्या रिंगा कापून बांधलेली. जाड, बारीक, लांब, आखूड. आणि एका कप्प्यात नुसते अडॅप्टर. एका बाजूला जुन्या मशीनचं तोंड, दुसऱ्या बाजूला नव्याचं. आमचं फॅट मोजायचं मशीन जुनं आणि कॉम्प्युटर नवीन. दोघांचं जमेना, तेव्हा त्याने मध्ये असाच एक तुकडा बसवला.

"ह्यो मध्यस्थ हाय आप्पा. सोयरीक जुळवतो."

"मग तुझी का जुळवत न्हाई रं?"

"माझ्या मॉडेलचे पार्ट बंद झाल्यात."

असा होता.

आता एका खंडेनवमीचं सांगतो.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. आणि पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. मी पण सकाळी केंद्रावर पूजा केली. दूध काही सणाला थांबत नाही, म्हणून मशीन चालूच होतं. सगळ्या वायरी ज्या डबीत येतात, तिच्यावर मी जरा जास्तच भक्तीने हळदी-कुंकवाचं पाणी शिंपडलं.

सगळे दिवे एकदम गेले.

गावचं दूध कॅनमध्ये भरून उभं. ऊन चढायला लागलं. टँकरवाला म्हणाला, "आप्पा, ऑनलाइन नोंद दिसल्याशिवाय दूध घ्यायचं न्हाई, वरून हुकूम हाय. मी जास्त थांबू शकत न्हाई."

सणाच्या दिवशी अख्ख्या गावचं दूध माझ्या हाताने ओतून द्यायची पाळी. मी किरणला फोन लावला.

फोनवर किरण म्हणाला, "आप्पा, बॅग पूजेत हाय. आई हात लावू देईना." मागून त्याच्या आईचा आवाज येत होता. मी काय बोललो आठवत नाही. रडलोच असेन.

थोड्या वेळाने त्याची मोटरसायकल आली. मागे सुमनवहिनी, त्याची आई. मांडीवर बॅग. बॅगेला झेंडूचा हार तसाच.

"आई म्हनती मी उचलायचं न्हाई," किरण म्हणाला. "म्हनून आईच उचलनार."

वहिनी पालथ्या कॅनवर बसल्या आणि बॅगेची चेन उघडली.

"आई, निळी केबल दे."

"ही?"

"ती लांब हाय. आखूड."

"मग आखूड निळी म्हन की."

"आता पक्कड. ती न्हाई, दातवाली."

"कुकू लावतानाच म्हनलं हिला लई दात हायती."

मला राहवेना. म्हणालो, "वहिनी, हातात धरलं म्हणजे उचललंच की. उगाच दोष लागायचा."

"आप्पा, तुमी गप बसा. तुमच्या पूजेनंच ह्ये झालंय."

किरण डबीतलं लाल पाणी झटकत म्हणाला, "देवाला निवद दाखवत्यात आप्पा, पाजत न्हाईत."

टँकरवालासुद्धा हसला.

त्याने बॅगेतली दुसरी डबी बसवली, भिजलेली टोकं कापून नवीन लावली. एकेक वस्तू आईच्या हातातून घ्यायची, काम झालं की आईच्या हातात परत. घाई अशी नाहीच. दिवे लागले, नोंद गेली, कॅन टँकरमध्ये चढायला लागले.

वहिनी ते कॅन बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्यासाठी बोलावत्यात व्हय तुला?"

"एवढ्यासाठीच."

जाताना वहिनी बॅग पोटाशी धरून बसल्या.

काल त्यांच्या घरी गेलो तर मला जवळ बोलावलं.

"आप्पा, माझ्या पोराचं काम म्या तेवढं एकदाच बघितलं. तुमच्याकडं. बाकी कुठं काय करायचा, मला म्हाईत न्हाई. इचारलं की म्हनायचा, वायरी जोडल्या. तुमी सांगा की."

मला माझ्या केंद्रापलीकडचं काय माहीत?

म्हणून ही पोस्ट.

शाळावाले, मेडिकलवाले, पतसंस्थेचे, मंगल कार्यालयाचे, ज्यांच्या ज्यांच्याकडे किरण आला असेल त्यांनी नुसता त्याचा फोटो टाकून थांबू नका. दशक्रियेच्या गर्दीत हात जोडून निघून पण जाऊ नका. घरी जा, वहिनींजवळ बसा. तुमच्याकडे काय बंद पडलं होतं, त्याने कुठून वायर नेली, काय चेष्टा केली, ते सांगा. काम बारीक असलं तरी सांगा. चहा दिला होता की नाही तेही सांगा, त्या विचारतील.

किरण बाळा, सुखाने जा.

आईकडे आम्ही जाऊन बसतो.