लाभ, दोन, तीन

मी पुण्याला शिकायला निघाले त्या दिवशी बाबा मार्केट यार्डातून थेट एसटी स्टँडवर आले होते. भुवयांवर तुरीची धूळ, खांद्यावर दुपट्टा आणि काखेत धान्य मोजायची लोखंडी पायली. आईने माझ्यासोबत तुरीची डाळ बांधून दिली होती. पण मोजल्याशिवाय माल हलवायचा नाही, हा बाबांचा नियम. त्यांनी फलाटावरच दुपट्टा अंथरला, त्यावर डाळ ओतली, पायली भरली आणि खड्या आवाजात म्हणाले, "लाभ!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "बाबा, हळू," मी म्हणाले.

दुसरी पायली त्यांनी मनातल्या मनात मोजली.

गावाकडे राहिलेल्या तुम्हाला हे सांगायला नको, पण पुण्यातल्यांना सांगते. माझे बाबा मापारी. यार्डात शेतकऱ्याचं धान्य मोजताना विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ऐकू जाईल असा आकडा पुकारायचं त्यांचं काम. मापात 'एक' कधी म्हणत नाहीत. पहिलं माप म्हणजे लाभ, त्यानंतर दोन, तीन. आणि रिकाम्या मापावर लाभ म्हणायचं नाही. आम्ही बहिणी लहानपणी भातुकलीत रिकामी वाटी उचलून "लाभ" म्हणायचो, तेव्हा बाबा चिडायचे. "आधी भर, मंग बोल!"

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत कर्वेनगरच्या हॉस्टेलवर आले. फॉर्म मी भरला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी पेन थांबलं. माझ्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या मुलीचे वडील प्राध्यापक होते, मागच्या मुलीचे बँकेत. मी लिहिलं, 'नोकरी, मार्केट कमिटी'. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. ते वाचत बसणार नाहीत, असं मी धरून चालले. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर कोरत. मग रेक्टरबाईंना हात जोडून म्हणाले, "पोरगी हुशार हाय, बाई. तिले भूक लागली का ती सांगत नाही, तेवढं पाहा." आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

पुण्याने मला खूप दिलं. आमच्या सगळ्या खानदानात पहिली पदवी माझी आहे, हे मी आजही कोणी न विचारता सांगते. मेसचं गोड वरण गिळायला शिकले. 'काहून' म्हटलं की मैत्रिणी हसायच्या, म्हणून 'का' म्हणायला शिकले. समोरचा माणूस "वा, फारच लवकर आलात" म्हणाला की आपल्याला उशीर झालाय, हे कळायला मात्र वर्ष गेलं. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो, असं मी आईला समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "हे तर तू घरी फुकट करत होती." डाळ अजून तिकडूनच येते. बाबांनी पुकारलेला आकडा मात्र फार पूर्वीच ऐकू यायचा थांबला. यार्डात इलेक्ट्रॉनिक काटा बसला, लाल आकडे आपोआप दिसायला लागले, पुकारायला कोणी लागेना. बाबा आता पोत्यांची तोंडं शिवतात. फोनवर त्यांचा आवाज बसल्यासारखा वाटायचा. मी विचारायचे, सर्दी झाली का? ते म्हणायचे, "नाही वो, कामच नाही त्याले."

धाकटी वैशाली माझ्यामागे पुण्याला आली. बी.कॉम. झाली, पदवी माझ्या कपाटात ठेवली आणि रॅप करायला लागली. नाव घेतलं 'पायली'. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. आपण जे बोलायचं सोडलं, ते ही माइकवर बोलते! 'माह्या', 'तुह्या', सगळं. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये पोरं तिच्यासोबत तेच ओरडायला लागली, तेव्हा मी मागच्या रांगेत उभी राहून ऐकायचे. आवडायचं. पण सांगितलं नाही.

गेल्या वर्षी तिचा पहिला अल्बम ठरला. त्यातलं सगळ्यात आधी बाहेर येणारं गाणं 'लाभ'. जेवताना तिने मला ताटावर बोटं वाजवून ते ऐकवलं.

पोती मोजली त्यानं, खंडीवर खंडी,
आमच्या चुलीवर तेव्हा एकच हंडी.
बाप माहा मापारी, घसा त्याचा काटा,
त्याच्याच आकड्यावर चालल्या आमच्या वाटा.

"तिसरी ओळ काढ," मी म्हणाले.

"काहून?"

मग सांगावं लागलं. हॉस्टेलच्या फॉर्मपासून ऑफिसपर्यंत सगळीकडे माझे वडील मार्केट कमिटीत नोकरीला होते. एकदा लिहिलं, मग तेच चालू राहिलं. आता गाणं ऑफिसातले सगळे ऐकणार. कोणी ना कोणी विचारणार, आणि बाबांना कळणार की मोठीने त्यांचं काम लपवलं.

वैशालीने घास खाली ठेवला. "ताई, तू टेस्टर ना? मग हा बग आहे की फीचर?" ती हसत नव्हती. "ओळ राहील. आणि पुकारा बाबांचाच पाहिजे. मी बोलावलंय त्यांना."

बाबा आले. तीच पायली गमछ्यात गुंडाळून आणली होती. रेकॉर्डिंगचं ऐकल्यावर त्यांची एकच अट: माप भरलेलं पाहिजे. वैशालीने समजावलं की मशीनवर नुसता आवाज पुरतो. "मशीनले पुरत असंल," बाबा म्हणाले, "मले पुरत नाही." तेव्हा आम्ही तिघं गहू आणायला कसबा पेठेत गेलो. बाबांनी दुकानातल्या पोत्यातला दाणा उचलून दाताखाली फोडला. "ओल हाय याले."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "अहो काका, घ्यायचा तर घ्या. आमची परीक्षा दहावीत झाली."

"पास झाले होते का?" बाबांनी विचारलं.

दुकानदाराने आतून दुसरं पोतं काढून स्वतः दाणा पुढे केला. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मी बाबांना यार्डातल्यासारखं पाहिलं, छाती पुढे काढून उभे.

स्टुडिओ म्हणजे विश्रांतवाडीतल्या एका फ्लॅटची खोली. भिंतींना गाद्या लावलेल्या, मधे काच. बीट बनवणारा ओंकार, वैशालीच्याच वयाचा. बाबा आत पथारीवर बसले, पुढे गव्हाचा ढीग, कानावर हेडफोन. आम्ही दोघी काचेच्या अलीकडे.

"काका, आवाजाची लेव्हल बघायचीये. काहीही बोला," ओंकार माइकमधून म्हणाला. "नाव सांगा, काय काम करता ते सांगा."

बाबांनी नाव सांगितलं. मग काचेतून माझ्याकडे बघितलं आणि नीट, शहरी मराठीत म्हणाले, "मार्केट कमिटीत नोकरी आहे."

वैशालीने माझ्याकडे मान वळवली. दार ढकलून मी आत गेले, गव्हाच्या ढिगापाशी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, असं का म्हणालात?"

"तू लिहिलं होतं नं फारमात." ते अगदी सहज बोलत होते. "म्या वाचलं होतं. खाली सही केली हाय माही. सही केल्यावर माणसानं फिरू नये."

म्हणजे इतकी वर्षं माझं खोटं ते सांभाळत होते. नातेवाइकांत, माझ्या मैत्रिणींचे फोन आले तर त्यांच्याशी बोलताना, कुठेही त्यांनी मला उघडं पडू दिलं नव्हतं. मी आपली समजत होते की लपवतेय ती मीच. मी माइककडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "ओंकार, मापारी आहेत माझे बाबा."

"ओके, लेव्हल मस्त," हेडफोनमधून आवाज आला.

बाबांनी डोळे पुसले नाहीत, मीच माझे पुसले. त्यांनी पायली गव्हात घातली, काठोकाठ भरली, तळहाताने वरचा गहू सारखा केला आणि उचलली. "लाभ!" काच थरथरली असं ओंकार अजून सांगतो. ते वीसपर्यंत गेले. तीनपर्यंतच हवं होतं, पण कोणी थांबवलं नाही.

गाणं आलं. सुरुवातीला एका बाईचं वाक्य आहे, 'मापारी आहेत माझे बाबा', बीट त्यानंतर सुरू होतं. ते वाक्य वैशालीने मला न विचारता ठेवलं. ऑफिसात एकीने हेडफोन काढून विचारलं, "अगं, हा तुझ्यासारखाच आवाज आहे ना?" मी म्हणाले, "माझाच आहे." तिने परत हेडफोन लावले आणि दिवसभर पायाने ठेका धरला.

रेकॉर्डिंगनंतर बाबा गावी निघण्याआधी त्यांचा आवाज वापरायच्या परवानगीचा एक कागद भरायचा होता. माझ्या कर्वेनगरच्या घरी, ओट्यापाशी उभी राहून मी तो भरला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, 'मापारी'. कागद पुढे केला. या वेळी बाबांनी बोट फिरवत, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने तो वाचला. मग सही केली.

"पत्ता राहिला," मी म्हणाले. "गावाकडचा टाकू ना?"

बाबा पायली धुऊन-पुसून माझ्या तांदळाच्या डब्यात ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "इथलाच टाक. कागद घरी आलेले बरे असतात."