पेटीवाल्या मावशीचा गंधार

पेटीवाल्या मावशीला बेसूर म्हणून खपत नसे. शेजारच्या दाराची बिजागरी कुरकुरली तरी बाई तेलाची बाटली घेऊन हजर. वडिलांमागे तीस वर्षं तिने बाजाच्या पेट्या दुरुस्त केल्या. पेटीच्या पोटातली पितळी पाती बुडाशी खरवडली की सूर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. म्हणून आदिवासी मुलांच्या निवासी शाळेला गाणं शिकवायला कुणी मिळेना, तेव्हा मुख्याध्यापकांनी तिलाच गळ घातली.

मावशी वडिलांची पेटी घेऊन गेली. पहिल्याच दिवशी तिने मुलांना त्यांच्या घरचं एखादं गाणं म्हणायला सांगितलं. चाळीस मुलं गायली, आणि गंधारावर मावशीच्या कपाळाला आठ्या पडल्या. सूर उतरत होता. तिने पट्टी दाबून दाखवली, पुन्हा पुन्हा दाखवली. आठवड्याभरात मुलांनी तोंडाला कुलूप घातलं. इकडे मुख्याध्यापकांनी बजावलं, की पालकसभेत मुलं गायली नाहीत तर गाण्याचा तास गणिताला जाईल. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी पहिल्या बाकावरची, पुढचे दात पडलेली मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मावशी, आम्ही नाही चुकत. तुझी पेटी चुकते."

असं बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मावशी भडकली, पण शंकेचा किडा काही तिला स्वस्थ बसू देईना. तिने मुलांना एकेकटं आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि गंधाराची तेवढीच ओळ म्हणायला लावली. पहिल्याचा सूर पट्टीच्या जरासा खाली. दुसरीचाही तिथेच. विसाव्या मुलापर्यंत मावशीच्या अंगावर काटा उभा राहिला. एखाद्याचा गळा घसरेल, दोघांचा घसरेल. वीसच्या वीस गळे नेमके एकाच जागी, केसभरही न हलता, कसे घसरतील? कुणा आजीच्या आजीने तो सूर तिथे ठेवला होता आणि या शेंबड्या पोरांनी तो जसाच्या तसा इथवर आणला होता. कानाचा एवढा तोरा मिरवणाऱ्या मावशीला भरून आलं.

तिने पेटी उघडली. वडिलांनी लावलेल्या त्या गंधाराला तिने कधी हात लावला नव्हता. पाती आधीच झिजलेली. एकदा उतरवली की पुन्हा चढवायला पितळ उरणार नव्हतं. तरी तिने बुडाशी कानस चालवली. थोडं खरवडायची, सूर वाजवायची आणि दात पडलेल्या परीक्षकाकडे बघायची. चौथ्या वेळी मुलीने मान डोलावली.

पालकसभेत मुलं मोकळ्या गळ्याने गायली. मागे बसलेल्या आयांनीही न सांगता सूर धरला. मुख्याध्यापक उभ्या उभ्याच ऐकत राहिले आणि गाण्याचा तास वाचला.

मग मावशीलाही राहवेना. तिनेही तोंड उघडलं, पण जुन्या सवयीने गळा वरच गेला. पहिल्या रांगेतल्या त्या मुलीने गाणं न थांबवता तळहात जरासा खाली केला. मावशी मुकाट्याने खाली आली.