ताईला वाचून दाखवायला म्हैसूरला

बंगळुरू मागे पडलं आणि रुळांच्या दोन्ही अंगांना ऊस, भात, नारळ दिसू लागले. श्रीरंगपट्टणजवळ गाडीने कावेरी ओलांडली. समोरच्या बाईंनी नदीला हात जोडले. मी नुसती बघत राहिले. माझा मुलगा साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, तेव्हापासून माझे हात कशालाच जुळत नव्हते. आमचे वडील जालन्याकडच्या एका खेड्यात पाळक होते. दिवेलागणीला प्रार्थना आणि शास्त्रवाचन, यात आम्ही दोघी बहिणी वाढलो. पण आता मिरजेच्या घरी पवित्र शास्त्र कपाटाच्या वरच्या फळीवर पडून होतं आणि मी तिकडे मान वर करूनही बघत नव्हते.

म्हैसूरला निघाले ती दाजींच्या फोनमुळे. ताईला पक्षाघात झाला होता, वाचा गेली होती. "तू ये, शालिनी. मला काय करावं कळत नाही," एवढंच ते म्हणाले.

तिला एकटं सोडता येत नसल्यामुळे दाजी स्टेशनवर आले नाहीत. त्यांनी सांगितलेली बस मी धरली, खिडकीशी बसले आणि आपल्याच विचारात, जिथे उतरायचं होतं ते जयलक्ष्मीपुरम कधी मागे गेलं ते कळलं नाही. कंडक्टरने उतरवलं तेव्हा मी हूटगळ्ळीत होते. अर्धवट बांधलेली घरं, धूळ, कारखान्यातून सुटलेल्या दुचाक्या. दाजींना फोन करून चूक सांगत होते, तर शेजारच्या दुकानातले शिंपी मशीन थांबवून बाहेर आले.

"मराठी का तुम्ही? आमच्या घरातबी मराठीच," ते म्हणाले. त्यांच्यामागे दुकानातल्या भिंतीवर विठ्ठलाची तसबीर होती. "स्वल्प (थोडं) बसा. उलटी बस येतेच."

त्यांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. कुणाकडे आलात म्हणून विचारलं.

"बहिणीकडे. तिला आता बोलता येत नाही."

"अय्यो," ते हळूच म्हणाले. मग बस येईपर्यंत माझी पिशवी धरून रस्त्याकडे बघत उभे राहिले. त्याचं मला बरं वाटलं.

ताई खिडकीजवळ खुर्चीत होती. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. मला पाहून तिचे डोळे भरले, ओठ हलले आणि शब्द आला, "नाही." तिच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली का, नाही. पंखा लावू का, नाही. आणि नाही म्हणतच ती जेवायची. दाजींनी रागी मुद्दे (नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा) आणि सारू (पातळ आमटी) केलं होतं. मुद्दे चावायचं नसतं, गिळायचं असतं. ताईला ते जमत होतं. माझ्या घशात मात्र पहिलाच घास अडकला.

जेवणानंतर दाजींनी ताईचं मराठी शास्त्र माझ्यापुढे ठेवलं. "रोज हेच मागते, बोट दाखवते. मला मराठी अक्षर येत नाही. मी कन्नडात वाचतो, तर तोंड फिरवते, रडते. नोडु (बघ), तू वाच."

मला नको होतं. पण ताई बघत होती. लहानपणी मी बक्षिसासाठी वचनं पाठ करायची. ताई भाकरी थापताना, केस विंचरताना तीच वचनं स्वतःशी म्हणायची, एखादं आवडतं गाणं म्हणावं तशी. मी तिचं आवडतं स्तोत्र काढलं, खोल गर्तेतून देवाला मारलेल्या हाकेचं. कोरड्या आवाजात वाचत गेले. रात्रभर पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांच्या ओळीपाशी आले आणि मुलाच्या उशाशी दवाखान्यात काढलेल्या रात्री आठवून माझा आवाज बंद पडला.

उरलेली ओळ ताईने पूर्ण केली. स्वच्छ, एकही अक्षर न गाळता. पुढचीही म्हटली. दाजी हातातलं भांडं तसंच घेऊन दारात येऊन उभे राहिले.

मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ताई, मला ओळखलंस ना?"

"नाही," ती म्हणाली.

मग रोज सकाळी वाचू लागले, ते केवळ तिच्यासाठी. म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा येई, त्याचा मला हेवा वाटे, रागही येई. एके दिवशी दाजींनी रिक्षा केली आणि आम्ही तिला शहराबाहेर वरुणा गावच्या तळ्यावर घेऊन गेलो. पाण्यापलीकडे भाताची हिरवी खाचरं होती. दाजी चहा आणायला गेले आणि माझ्याच्याने राहवेना.

"तुझी वाचा नेली त्याने. माझा मुलगा नेला. तरी तुला त्याचंच हवं?"

तिने डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. आणि आपण होऊन एक ओळ म्हटली, मग थांबली. लहानपणी आम्ही असंच म्हणायचो, एक ओळ तिची, एक माझी. मला पुढची येत होती. ती म्हणाले. मग तिची, मग माझी. दाजी चहा घेऊन आले तरी आम्ही थांबलो नाही. तेवढा वेळ माझ्या छातीतली आग निवलेली होती. परतताना रिक्षात ती पुन्हा पेटली.

मी मिरजेला परतल्यावर काही आठवड्यांनी ताईला दुसरा झटका आला. आता ओळीही गेल्या. सकाळी दाजी फोन तिच्या कानाशी धरतात आणि मी इकडून वाचते. पलीकडून फक्त श्वास ऐकू येतो. "डोळे मिटून ऐकते," दाजी सांगतात. मला ते खरं मानावंसं वाटतं.

प्रवासाहून मी शांती घेऊन आले, असं म्हणवत नाही. मुलाच्या खोलीचं दार अजून उघडवत नाही. पण वाचून होईपर्यंत मी देवाशी भांडत नाही, आणि हल्ली फोन ठेवल्यावरही एखादं पान वाचत बसते, स्वतःसाठी. यापेक्षा जास्त मागायचं धाडस अजून होत नाही.