तापवलेला चीक
शेजारणीनं आज खरवस आणून दिला आणि वेलदोड्याच्या वासासरशी मला माकणी गावातला आमचा गोठा आठवला. ऐन थंडीत व्यालेली म्हैस आजारी पडली होती आणि तिचं रेडकू कुडकुडत होतं. त्याच्या पोटाला ऊब मिळावी म्हणून आईनं म्हशीचा पहिला चीक काढून चुलीवर तापवला. तो घट्ट झाला तसं त्यात पाणी घालून घोटला आणि बाटलीनं पाजला. पुढं रेडकाला हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, चीक तापवला व्हय?" आईनं होकाराची मान हलवली. ते हळू आवाजात म्हणाले, "रोगाशी लढणारी प्रथिनं असतात त्यात. त्यांच्या घडणीमुळंच ती रोगजंतूला धरून ठेवतात. आच लागली की ती घडण मोडती. मग पोट भरतं, पण राखण होत न्हाय." आईनं चीक तापवलेलं पातेलं जवळ ओढलं. मग तिनं विचारलं, "आता गार केला तर?" डॉक्टर रेडकाचं पोट चाचपू लागले. संध्याकाळी रेडकू गेलं. शेजारणीनं दिलेली वडी फ्रीजमधली आहे, बर्फासारखी गार. तिचा परत चीक झालेला नाही.