चाँदभाई सुट्टीला निघाले

लोणावळ्यात सुट्टी असते ती दुसऱ्यांची. दिवाळीत आणि मे महिन्यात ती मुंबईहून येते, सोबत ट्रंका, वळकट्या, आइस्क्रीमचं भांडं आणि रडकी पोरं आणते, बंगल्यात मनसोक्त लोळते आणि जाताना पलंगाखाली आंब्याच्या कोयी टाकून जाते. गावच्या माणसाच्या वाट्याला त्यातलं येतं काय, तर बंब पेटवणं, झाडू मारणं आणि 'जी' म्हणणं. चाँदभाई मुलाणी हे सगळं मिसरूड फुटल्यापासून करत आले होते आणि ते उत्तम करत, यात वाद नाही.

मूळचे ते जवळच्या भाजे गावचे. घरची भातखाचरं थोडी आणि भाऊ जास्त, म्हणून ते लोणावळ्याला येऊन मुंबईच्या एका कापूसवाल्या शेठच्या बंगल्यावर रखवालदार झाले. बंगल्यामागं दोन खोल्या मिळाल्या. तिथंच त्यांचा मेहमुदाशी संसार झाला, तिथंच हुस्नबानो आणि रज्जाक ही पोरं झाली. शेठ भला माणूस होता. शेठाणीबाईही वाईट नव्हत्या, फक्त जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या घरात कुठं ठेवता येईल, एवढंच त्यांना दिसे. चाँदभाईंनी या दोघांना उभ्या आयुष्यात 'न्हाई' म्हटलं नव्हतं. मेहमुदाला मात्र ते दिवसातून दहादा म्हणत.

ही गोष्ट घाटातल्या आगगाड्या विजेवर धावू लागल्यानंतर चार-पाच वर्षांनी घडली. हुस्नबानो तेव्हा दहा वर्षांची होती. शेठची मुलगी मधू तिच्याच वयाची, पण हुस्नबानो तिला मधुबेन म्हणे आणि मधू तिला नुसतं बानो. दोघी दिवसभर एकत्र असत. त्या दिवाळीत शेठाणीबाई चाँदभाईंना म्हणाल्या, "चाँद, तुझी पोरगी आमच्याकडे मुंबईला दे. मधूला सोबत होईल. खाईल, पिईल, चांगले कपडे घालेल."

"जी, बघतो," चाँदभाई म्हणाले.

"बघायचं काय त्यात? थंडीत बंगला बंदच असतो. चार दिवस सगळेच या. पोरांना मुंबई दाखव. पोरगी रमली की राहील."

"जी," चाँदभाई म्हणाले, आणि तिथंच सगळं बिघडलं. शेठाणीबाईंनी ते कबूल झालं असं धरलं, आणि हुस्नबानोनं पडद्याआडून ऐकून आपल्याला आमंत्रण आलंय असं धरलं.

चाँदभाईंच्या मनात आधी नुसतीच कुरकुर होती. तिला शब्द मिळाला तो एका दुपारी. मधू आणि हुस्नबानो व्हरांड्यात घर-घर खेळत होत्या. मधू पाहुणी होती आणि हुस्नबानो तिला खोटं खोटं सरबत आणून देत होती, पाय पुसायला फडकं देत होती, पंखा घालत होती. मुंबईची मंडळी गेल्यावर चाँदभाईंनी तिला सहज विचारलं, "तू कधी गं व्हतीस पावनी?"

पोरगी विचारात पडली. "मला न्हाई येत, अब्बा. पावनीला काय काय करावं लागतं?"

लेकीला आपण चालायला शिकवलं, कलमा शिकवला, आणि हे काय शिकवून बसलो, म्हणून चाँदभाई स्वतःवरच चिडले.

संक्रांत उलटली, बंगल्याला कुलूप लागलं आणि घरात एकच विषय सुरू झाला. जायचं कुठं? रज्जाकला मुंबई हवी होती, कारण तिथं ट्रामवर ट्राम चढवलेली असते, असं त्यानं ऐकलं होतं. हुस्नबानोला मुंबई हवी होती, कारण तिथं मधुबेन होती. मेहमुदाला मुंबई हवी होती, कारण तिथं राहायला फुकट होतं. चाँदभाई एकटेच म्हणत होते, "दर्यावर जाऊ. अलिबागला."

"अलिबागला आपलं कोन हाय?" मेहमुदानं विचारलं.

"फकरुद्दीन हाय की."

फकरुद्दीन म्हणजे दर वर्षी घाट चढून बंगल्याबंगल्यांना काथ्याची पायपुसणी विकणारा अलिबागचा माणूस. त्यांच्या ओटीवर बसून भाकरी खाता खाता 'या एकदा' असं तो म्हणाला होता, जसं सगळेच म्हणतात. तेवढ्या धाग्यावर चाँदभाईंनी अख्खी सहल लटकवली होती.

त्यांच्या बाजूनं कोणीच नव्हतं. बाग कोण सांभाळील म्हणून ते शेजारच्या बंगल्याच्या माळ्याकडे, दत्तोबाकडे गेले. दत्तोबानं पाणी घालायचं कबूल केलं, पण अक्कलही दिली. "चाँदभाई, दर्यात बगायचं काय आसतं? पानीच ना? आपल्याला हितं आखाडात कमी पडतं व्हय पानी?"

छपराची कौलं बघायला आलेला शेठचा दिवाणजी तर पोट धरून हसला. "दर्या? अरे, शेठच्या गच्चीवरून दर्याच दिसतो की! मुंबई पण बघ आणि दर्या पण बघ. बाईसाहेब वाट बघताहेत."

"जी," चाँदभाई म्हणाले. शहर आणि समुद्र दोन्ही एकाच गच्चीवरून दिसत असताना कोणता शहाणा माणूस घाट उतरून, मोटारीत आतडी हलवून घेऊन, खाडी ओलांडून अलिबागला जाईल?

शुक्रवारी चाँदभाई नमाजाहून आल्यावर मेहमुदानं विषय पुन्हा काढला. "हट्ट सोडा आता. पोरं रडाया लागल्यात. आन बानो ऱ्हायली तितं चार वर्सं, तर काय बिगडलं? शेठाणीबाई लगनाला हातभार लावतील. हितं ऱ्हाऊन तरी काय करनार हाय ती?"

तिचं म्हणणं वावगं नव्हतं. गावात कितीतरी जणींनी हेच केलं होतं आणि त्यांच्या पोरी आनंदात होत्या, निदान तसं सांगत तरी होत्या. चाँदभाई बराच वेळ जोडे उन्हात सरळ करत बसले. मग म्हणाले, "मेहमुदा, मुंबईला आपन चौगं जाऊ आन तिगं परत येऊ."

थोड्या वेळानं मेहमुदा उठली आणि ज्वारीचं पीठ काढून भाकऱ्या थापायला बसली. प्रवासाच्या भाकऱ्या होत्या हे चाँदभाईंना पिठात तिनं घातलेल्या तेलावरून कळलं. पोरांना तिनंच दटावलं. "दर्या म्हंजी दर्या. ट्राम काय पळून चालली न्हाई."

खोपोलीपर्यंत घाट पायी, पुढं पेणपर्यंत मोटार, खाडीवर होडी आणि मग पुन्हा मोटार. रज्जाक मोटारीत ओकला आणि होडीत खूश झाला. फकरुद्दीन या चौघांना दारात बघून आधी चकित झाला आणि मग इतका आनंदला, की चाँदभाईंच्या जिवावरचं ओझं उतरलं. त्यानं नारळीच्या वाडीतली सुंभ ठेवायची खोली रिकामी करून दिली. त्याची बायको उम्मेहानी तोंडाची फटकळ आणि हाताची सैल होती. पहिल्याच जेवणात तिनं एवढे मासे वाढले, की देशावरच्या या मंडळींना कशाला काय म्हणतात तेही विचारायला उसंत मिळेना.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं तर अंगण लोटलेलं. मेहमुदा सडा घालत होती. चाँदभाईंनी विहिरीचं पाणी काढून दोन्ही पिंपं भरली होती, रज्जाक वाडीतल्या झावळ्या ओढून रचत होता, आणि हुस्नबानोनं ओटीवरच्या सगळ्या चपला जोडी लावून भिंतीशी मांडल्या होत्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. परक्या मोठ्या घरात सकाळ झाली की हे करायचं असतं, एवढंच त्या चौघांना ठाऊक होतं.

उम्मेहानीनं मेहमुदाच्या हातातली बादली हिसकावली. "तुम्ही पाहुणे आहात का माझे नोकर? लोकांनी बघितलं तर मला काय म्हणतील? चला, उठा इथून. दर्यावर जा, आणि जेवायच्या आत मला तोंड दाखवू नका!"

असे ते चौघे हाकलून दिल्यासारखे किनाऱ्यावर गेले.

समुद्र बघून रज्जाक म्हणाला, "एवढंच?" ओहोटी होती. पाण्यातला किल्ला लांब दिसत होता आणि मधे नुसती ओली काळपट वाळू. चाँदभाईंचं तोंड उतरलं. दत्तोबाचं खरं ठरतंय की काय, असं त्यांना वाटलं. पण तासाभरात पाणी वळलं आणि सरसरत आत यायला लागलं, तसा रज्जाक ओरडत पळत सुटला. पुढं पाणी, मागं रज्जाक, मग पुढं रज्जाक, मागं पाणी. मेहमुदानं लुगडं घोट्याच्या वर घेतलं, इकडंतिकडं बघितलं आणि आणखी थोडं वर घेतलं.

हुस्नबानो मात्र कोरड्या वाळूत उभी होती. सगळ्यांच्या चपला तिच्या पायाशी होत्या.

"बानो, जा की."

"चपला?"

"ऱ्हाऊ दे."

"वाहून जातील, अब्बा."

"जाऊ देत," चाँदभाई म्हणाले, आणि आपण असं काही बोलू शकतो याचं त्यांनाच नवल वाटलं. पोरगी एक पाऊल गेली, वळून बघितलं, आणखी दोन पावलं गेली. मग लाट आली, तिच्या गुडघ्यांना लागली आणि ती किंचाळून हसली. तसं हसू चाँदभाईंनी बंगल्याच्या आवारात कधी ऐकलं नव्हतं. नंतरच्या गडबडीत त्यांची एक चप्पल खरंच वाहून गेली. त्यांना इतका आनंद झाला, की उरलेलीही त्यांनी पाण्यात भिरकावली आणि मेहमुदाच्या शिव्या खाल्ल्या.

दुपारकडे पुण्याकडचं एक कुटुंब थोड्या अंतरावर येऊन बसलं. गृहस्थ कोट घातलेले, सोबत बायको आणि दोन मुलं. हुस्नबानो आणि रज्जाक वाळूत विहीर खणत होते. वारं सुटलं होतं. त्या गृहस्थांची टोपी उडाली आणि लोळत पाण्याकडं निघाली.

"अरे, ए! धर, धर!" ते ओरडले. कोणाला उद्देशून, ते त्यांनाही माहीत नसावं.

हुस्नबानोनं मान वर केली. आता ही पळणार, हे चाँदभाईंनी धरलंच. पण तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत विहिरीत होते आणि तळाशी पाणी लागत होतं. तिनं टोपीकडं बघितलं आणि पुन्हा खणायला लागली. चाँदभाईंना वाटलं, झालं, आपली सहल इथंच फळाला आली.

आणि हे वाटत असताना ते स्वतः धावत होते. कधी उठले, कधी निघाले, त्यांना कळलंच नव्हतं. अनवाणी पळत त्यांनी टोपी गाठली, वाळू झटकली आणि दोन्ही हातांत धरून, मान जराशी झुकवून, ती त्या गृहस्थांपुढं केली. गृहस्थांनी टोपी घेतली आणि खिशातून आणा काढून पुढं केला. चाँदभाईंचा हात पसरलेलाच होता.

त्यांनी मागं बघितलं. खणणं थांबलं होतं. दोन्ही पोरं आणि मेहमुदा त्यांच्याकडंच बघत होती.

शरमेनं त्यांचे कान तापले. पोरीला वाचवायला एवढा घाट उतरून आलो आणि पोरगी बसून राहिली, पळालो आपणच. त्यांनी हात मागं घेतला.

"न्हाई," ते म्हणाले. शब्द फार मोठ्यानं बाहेर पडला, म्हणून त्यांनी तो पुन्हा हळू म्हटला. "न्हाई, सायेब. आमीबी सुट्टीला आलोय हितं. पोरांना घिऊन."

गृहस्थ गोरेमोरे झाले. त्यांनी आणा घाईनं खिशात घातला आणि म्हणाले, "माफ करा हं. माझ्या लक्षात आलं नाही."

चाँदभाईंची माफी आजवर कोणी मागितली नव्हती, त्यामुळे तिला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते नुसतेच हसले आणि परत येऊन विहिरीच्या काठाशी मांडी घालून बसले. मेहमुदानं विचारलं, "काय म्हनलं शेठ?"

"शेठ न्हाईत. पावनं हायेत."

चार दिवसांनी चौघं गेली तशी चौघं परत आली. चाँदभाईंच्या पायात फकरुद्दीनच्या जुन्या चपला होत्या.

मे महिन्यात शेठची मोटार फाटकात शिरली. बंब तापलेला होता, पलंगांवर धुतलेल्या चादरी होत्या, कशात काही उणं नव्हतं. चाँदभाईंनी ट्रंक उतरवून घेतली. शेठाणीबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "थंडीत आला नाहीस ना? बरं, असू दे. आता परतताना पोरीला आमच्या गाडीतच नेते."

"न्हाई, बाईसाहेब," चाँदभाई म्हणाले.

शेठाणीबाईंना वाटलं, ट्रंक जड झालीय. "काय न्हाई?"

"पोरगी न्हाई पाठवायची."

"का रे?"

चाँदभाईंनी अलिबागहून परतताना वाटेत पुष्कळ कारणं जमवून ठेवली होती. आईला मदत, शाळा, पुढंमागं लग्न. ऐन वेळी त्यातलं एकही तोंडात येईना.

"आमची हाय ती," ते म्हणाले, आणि ट्रंक खांद्यावर घेऊन आत गेले.